पत्त्यावर आढळून आला नाही

"मले पोरगाच नाई," बाई म्हणाली.

मी दारात उभी होते. हातातल्या फाइलमध्ये तिच्या पोराचा पासपोर्ट साइज फोटो होता. आणि तिच्या मागच्या भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, तोच पोरगा एनसीसीच्या ड्रेसमध्ये हसत होता.

"मग हा कोण?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

बाईनं मागे वळून फोटोकडे निवांत पाहिलं. "तो पयलेपासूनच हाये तिथं," ती म्हणाली आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसली.

आता यावर काय बोलायचं? मी फाइल उघडून पुन्हा पत्ता वाचला. गाव तेच, वॉर्ड तोच, घर नंबर तोच. आईचं नाव शीलाबाई. "तुमचं नाव शीलाबाई ना?" असं विचारलं तर म्हणाली, "गावात शीलाबाया बम हायेत, घरटी एक."

मी पोलिसात होते. मागच्या वर्षी रिटायर झाले, आता बोरगाव मेघेला राहते. शेवटची काही वर्षं मी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात 'गोपनीय'ला होते. हे नाव ऐकून लोकांना वाटतं गुप्तहेर. कशाची गुप्तहेर! पासपोर्ट, सरकारी नोकरी, असल्या कामांसाठी माणसाची चौकशी करायची आणि रिपोर्ट लिहायचा. युनिफॉर्म नाही, साधे कपडे. आणि एक पक्का नियम: चौकशी कशाची आहे ते गावात सांगायचं नाही. सांगितलं की लोक गोड बोलतात आणि खरं कळत नाही. हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि मी ते इमानानं पाळत आले.

ज्याची चौकशी होती तो प्रज्वल. संरक्षण खात्याच्या एका डेपोत फायरमन म्हणून त्याची निवड झाली होती. तिथे दारूगोळा ठेवतात, म्हणून आत पाय ठेवण्याआधी सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. उमेदवार एक लांबलचक फॉर्म भरतो. कुठे राहिलास, कुठे शिकलास, कधी अटक झाली का, कोर्टात केस आहे का, तुला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं. तो फॉर्म फिरत फिरत आमच्या टेबलावर येतो. आम्ही गावात जाऊन बघायचं की माणूस तिथलाच आहे का आणि लिहिलंय ते खरं आहे का. आमचा रिपोर्ट चांगला गेला तर ऑर्डर निघते. वाईट गेला तर पोराची नोकरी हातात येण्याआधीच जाते. अपील वगैरे असतं म्हणतात, पण अपिलात नोकरी परत मिळालेला कोणी मी पाहिला नाही.

शीलाबाईंच्या आधी मी चौकातल्या किराणा दुकानात गेले होते. ओळखणाऱ्या दोन माणसांत या शेटजींचंच नाव होतं, मोबाइल नंबरसकट.

"प्रज्वल? कोण प्रज्वल?" शेटजी म्हणाले.

"तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता असं लिहिलंय इथं."

"असन लिवलं. मी काई वळखत नाई बा."

बाजूला बिडी ओढत बसलेला एक काका म्हणाला, "तो तं पुण्याले गेलता ना." लगेच दुसरा म्हणाला, "छ्या, आर्वीले मामाकडे राह्यते तो." शेटजींनी दोघांकडे डोळे वटारले. आत्तापर्यंत नसलेला पोट्टा एका मिनिटात दोन गावांत राहायला लागला होता!

शीलाबाईंच्या दारातून मी सरळ ठाण्यात परत आले आणि ठाणेदार साहेबांना सगळं सांगितलं.

साहेब फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "त्यात काय एवढं? लिहा, 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही.' परवा रिपोर्ट वर्ध्याला गेला पाहिजे. रिमाइंडर येऊन पडलंय."

"साहेब, भिंतीवर फोटो आहे त्याचा."

"आई काय म्हणते?"

"पोरगाच नाही म्हणते."

"मग फोटोचं ऐकता का आईचं?"

साहेबांचं काय चुकलं? कागदावर तेच खरं होतं. पण लिहायला बसले तर पेन चालेना. आढळून आला नाही, एवढी एक ओळ लिहिली की पोरगा गेला कामातून. आणि का गेला ते त्यालाही कधी कळणार नाही. मी फॉर्मवरचा त्याचा नंबर लावला.

"प्रज्वल बोलतोस का?"

 तिकडून बारीक आवाज आला, "राँग नंबर." आणि फोन कट.

राँग नंबरवाला माणूस खेकसतो. हा घाबरला होता. घाबरला म्हणजे काहीतरी भानगड आहे. पण एका पोराच्या भानगडीत अख्खं गाव सामील कसं? मला काही म्हणता काही उमगेना. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना न सांगताच पुन्हा गाडी काढली.

शीलाबाई दारातच होती. मला पाहून उठली आणि दार लावायला लागली. मग मात्र माझी सटकली.

"लावा दार! मीही लिहून टाकते, या घरात कोणी प्रज्वल नाही. मग बसा रडत. लागलेली नोकरी गेली की माझ्या नावानं बोटं मोडू नका!"

दार अर्धं लागून थांबलं. "कोनती नोकरी?"

झालं. नियम मोडला होता. आता अर्धा काय आणि पूर्ण काय. मी फॉर्म उघडून तिच्यापुढे धरला. "ही फायरमनची. मी त्याचीच चौकशी करून राहिले दोन दिवसांपासून."

बाईनं दार सताड उघडलं. "मायबाई! नोकरीची व्हय? मंग कालच काऊन नाई सांगतलं बाई तुमी?"

आणि आतल्या खोलीतून, कापसाच्या ढिगामागून, प्रज्वल बाहेर आला. केसांत कापूस, चेहरा पांढराफटक. काल मी दारात उभी होते तेव्हाही तो तिथेच होता! "मॅडम, मले वाटलं मिलिट्रीवाले गाडी घेऊन येतीन चौकशीले," तो म्हणाला. "तुमी तं स्कूटीवर आल्या."

मग एकेक उलगडलं. गावाजवळच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, ठेकेदारानं अर्धवट सोडला होता. पोरांची शाळा बुडत होती. दोन महिन्यांपूर्वी गावानं रस्ता रोको केला. नंतर साध्या कपड्यांतला एक माणूस आला, गोड बोलून नावं विचारून गेला आणि तिघांवर केस झाली. तेव्हा सभा घेऊन गावानं ठरवलं, परक्या माणसाला कोणाचंही नाव सांगायचं नाही. आई असली तरी नाही. मी साध्या कपड्यांत होते, पण टाचा दुखतात म्हणून पायात ड्यूटीचे लाल बूट. मी चौकात गाडी लावली तेव्हाच गावात निरोप फिरला होता.

रस्ता रोकोची केस आमच्याच ठाण्याची. ती दुसऱ्या जमादाराकडे होती आणि मला ठाऊकही होती. पण या दोन गोष्टी जोडून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. भैताडच म्हणायची मी.

तोवर अंगणात गाव जमलं. चहा आला. काल न ओळखणारे शेटजी सगळ्यांत पुढे. "अवो मॅडम, हा पोट्टा म्हणजे हिरा हाये. लिवून घ्या! रस्ता रोकोले ट्रॅक्टर आडवा कोनं लावला? यानं! भाषन कोनं देल्लं? यानंच! तीन घंटे हालला नाई जागेवरून!"

कोणीतरी मागून शेटजींचा सदरा ओढला. शेटजींना काय झालं ते कळेना. शीलाबाई त्यांच्याकडे अशी पाहत होती की मीच घाबरले.

फॉर्ममध्ये अटक आणि केसच्या रकान्यात प्रज्वलनं 'नाही' लिहिलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"मॅडम, अटक तं झालीच नाई. केसमंधी माहं नाव हाये का नाई, तेच मले माहीत नाई. कोनाले विचारू? विचारलं तर तुमी म्हनान, काऊन विचारून राह्यला."

खरंच होतं. ठाण्यात येऊन मी गुन्हा रजिस्टर काढलं. तीन नावं, पुढे 'व इतर वीस ते पंचवीस इसम'. चार्जशीट फक्त तिघांवर.

"साहेब, हा 'इतर'मध्ये धरायचा का?"

"नाव आहे का?"

"नाही."

"मग रेकॉर्ड निल. विषय संपला."

"पण अख्ख्या अंगणानं सांगितलं ना मला. आता माहीत नाही असं कसं म्हणू?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही गेल्याच कशाला दुसऱ्यांदा?"

मी रजिस्टर मिटलं. रस्ता रोकोचं न लिहावं तर पोरगा सुखानं रुजू होईल. पण गावात एक तरी जळणारा असतोच. उद्या त्यानं अर्ज टाकला की माहिती लपवली म्हणून काढणार, आणि तो डाग आयुष्यभराचा. लिहावं तर कदाचित ऑर्डरच निघणार नाही. बत्तीस वर्षं नोकरी केली, पण असा गुंता कधी पाहिला नव्हता. शेवटी प्रज्वललाच बोलावलं आणि दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. 

"लिवा मॅडम," तो म्हणाला. "तिथं आग लागली तं पुढं व्हा लागन मले. इथंच मागं काऊन राहू?"

त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. रस्ता रोकोत होतो, ट्रॅक्टर मी लावला, मागणी पुलाची होती, माझ्यावर गुन्हा नाही. मी तो रिपोर्टला जोडला. रिपोर्टमध्ये लिहिलं: पत्त्यावर राहतो, वर्तणूक चांगली, रेकॉर्ड निल, अर्ज सोबत. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "आता तुमचं नशीब आणि त्याचं."

शीलाबाई दुसऱ्याच दिवशी ठाण्यात आली. खुर्ची दिली, बसली नाही. "आमी तोंड बंद ठेवून होतो. तुमी येऊन उघडवलं आन माया लेकराची नोकरी खाल्ली," म्हणाली आणि गेली. त्यानंतर कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही. टपाल आलं की आधी त्या डेपोचा शिक्का शोधायचे.

तीन-चार महिने काहीच आलं नाही. मग प्रज्वलला तिकडे बोलावलं. त्यानं फोनवर सांगितलं, मोठ्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला: "ट्रॅक्टर कोणाचा होता?" यानं सांगितलं, "आमच्या सरपंचाचा." साहेब हसले की नाही ते काही त्याला समजलं नाही. महिन्याभरात ऑर्डर आली.

तेव्हापासून रिटायर होईपर्यंत मी गावात शिरले की आधी कशाची चौकशी ते सांगत असे. खरं-खोटं पारखायला पुढे अख्खा दिवस असतो. गोपनीयला आलेल्या नवीन पोरी आजही फोन करतात, त्यांनाही मी हेच सांगते.

शीलाबाई मला अलीकडे समुद्रपूरच्या बसस्टँडवर भेटली. स्वतःहून जवळ आली. पोरानं घेऊन दिलेली साडी दाखवली. मग जरा थांबून, अगदी मनापासून विचारलं, "बाई, एक सांगा. तुमी लिवून देल्लं म्हून लागली, का लिवून देल्लं तरी लागली?"

मी पुष्कळ विचार केला. तिची बस लागली, ती चढली, खिडकीशी बसून माझ्याकडे बघत राहिली. मला अजूनही माहीत नाही.