सात प्रकरणं, सात चुका

बाळांनो, हे पत्र आत्ताच लिहायचं कारण असं की आमच्या वरच्या मजल्यावरची बाई पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला येते आहे. तुम्हाला नाटकाला नेणार म्हणते. ग्रीकांपासून आजपर्यंत सगळं समजावून सांगेन, असंही तुमच्या आईला फोनवर म्हणाली. तिच्याआधी माझं पत्र पोहोचलं पाहिजे.

पुण्याच्या कॉलेजात मी पाश्चात्त्य नाटक शिकवत असे. सगळं एका जाड वहीत होतं. ग्रीकांचे मुखवटे आणि कोरस, चर्चमधून निघून चौकात गाड्यांवर आलेली धर्मनाटकं, राजेराण्यांचे सूड, मग दिवाणखान्यातली साधी माणसं, आणि शेवटी ज्यांत काहीच घडत नाही अशी नाटकं. एकूण सात प्रकरणं. प्रत्येकात मी मुद्दाम एक चूक पेरलेली. ज्याला ती सापडे त्याचं लक्ष होतं, बाकीच्यांनी घोकलेलं असे. उत्तरांचं पान मी वेगळं ठेवी.

वही माझ्याबरोबर सिंगापूरला, आंग मो किओच्या या फ्लॅटमध्ये आली. इथल्या मराठी वाचनगटात मी तीन रविवार बोलायचं ठरलं. ती बाई गटाची चिटणीस. झेरॉक्स काढते म्हणून वही घेऊन गेली आणि दोन दिवसांनी परत दिली. मग व्हॉट्सअॅपवर कार्यक्रम आला. वक्ता म्हणून तिचंच नाव. लिफ्टमध्ये विचारलं तर म्हणाली, "काकू, तुमचा घसा बसतो ना हल्ली! तुम्ही पुढच्या रांगेत आरामात बसा."

माझा घसा ठणठणीत होता. पण चुकांबद्दल मी एक अक्षर काढलं नाही.

ग्रीक नाटकात सहसा खून प्रेक्षकांसमोर होत नाही. निरोप्या येऊन सांगतो. पहिल्या रविवारी मीही घरीच बसले. निरोप्या तुमचे आजोबा.

"अगं, कहर झाला," चपला काढता काढता ते म्हणाले. "ती म्हणाली, कोरसचं गाणं संपलं की ग्रीक लोक पडदा पाडत. तुआसच्या कारखान्यात कामाला जाणारे ते इंजिनिअर उठले. म्हणाले, वहिनी, फोटोत तर डोंगराच्या उतारावर उघडं थिएटर दिसतंय. पडदा टांगला कशाला?"

"मग?"

"मागून कुणीतरी इथल्या ढंगात ओरडलं, 'आभाळाला, लाह!'"

"आणि ती?"

"पाणी प्यायली."

"किती?"

"दोन ग्लास."

त्या दिवशी त्यांच्या चहात मी आलं जरा जास्तच घातलं.

मग ती मला विचारायला आली असती, तर उत्तरांचं पान दिलं असतं, असं मी आजोबांना सांगितलं. खरं म्हणजे दिलं नसतं. ती आलीही नाही. तिसऱ्या रविवारी तिने चौथी भिंत शिकवली. चौथी भिंत म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यामधली, आहे असं धरून चालायची भिंत. माझ्या वहीत ती नटांच्या पाठीमागे होती, म्हणून तिनेही पाठीमागेच ठेवली. इंजिनिअर म्हणाले, "वहिनी, आज पण पडदा आहे का?"

ऐकणाऱ्यांचा काय दोष? सोमवारी मी गटावर टाइप केलेलं शुद्धिपत्र पाठवलं. "माझ्या वहीत विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम पेरलेल्या तीन चुका." खाली माझं पूर्ण नाव. तेव्हापासून ती लिफ्टमध्ये मला पाहिलं की पुढच्या लिफ्टची वाट बघते.

तुमची आई म्हणते, आता सोडून दे. मी सोडणार नाही.

ग्रीकांची बहुतेक नाटकं नाहीशी झाली. जी उरली, ती कुणीतरी नकलून ठेवली म्हणून उरली. तिची झेरॉक्सही तिच्या बॅगेत असेल. शुद्धिपत्रात तिने तीन रविवारी गटाला सांगितलेल्या तीनच चुका होत्या. उरलेल्या चार तिच्या प्रतीत अजून तशाच आहेत. उत्तरांचं पान या पत्रासोबत आहे.