भांडुपचं पिवळं पाणी

लोक विचारतात, "काय काम करतेस गं?" मी सांगते, "माती धुते!" मग हसतात. पण खरंच तेच करते. कारखाने बंद पडतात, मालक निघून जातात, त्यांचं विष जमिनीत राहतं. ते काढायचं काम आमची घाटकोपरची छोटीशी कंपनी करते. असल्या कामात किस्से साठतच जातात. ऑफिसात चहाला बसलो की एकजण काढतो, दुसरा त्यावर आपला चढवतो, हसून हसून पोट दुखतं आणि मग मध्येच सगळे गप्प होतात. बाहेर सांगताना आम्ही हसण्यापर्यंतच सांगतो. आज पुढचंही सांगते.

आम्ही म्हणजे चौघं. करंदीकर सर, आमचे बॉस, परदेशात शिकून आलेले. शुभदा, लॅब सांभाळते, राहायला बोरीवलीला. तात्या परब, जमिनीत बोअर मारणारं मशीन चालवतात, मूळचे मालवणकडचे. आणि मी.

किस्से सगळे एकाच साइटचे. भांडुपला एक कारखाना होता, लोखंडी वस्तूंवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवणारा. तो कधीच बंद पडला, शेडही पडली. पण शेजारच्या चाळीतल्या विहिरीचं पाणी पिवळं झालं ते झालंच. तिथे आम्ही तीन वर्षं काढली.

* * *

क्रोम दोन जातीचं असतं. पिवळं विषारी, हिरवट त्या मानाने गरीब. जमिनीतल्या काही जंतूंना पोटभर खायला घातलं, की ते पिवळ्याचं हिरवट करून टाकतात. खायला काय घालायचं? मळी! साखर कारखान्यात उरते ती. आम्ही पिंपंच्या पिंपं मळी आणून बोअरमध्ये ओतत होतो. अख्ख्या गल्लीत तो आंबूस-गोड वास.

तिसऱ्या दिवशी बाइकवरून एक हवालदार आले.

"गाळता कुठे?"

"काय?" सरांनी विचारलं.

"दारू! वास नाक्यापर्यंत येतोय."

सरांना काय, कुणीतरी विचारायचाच अवकाश असतो. त्यांनी फळा मांडला, चित्रं काढली, अर्धा तास लेक्चर दिलं. हवालदारांनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माणसांना नाही, तुम्ही जंतूंना पाजता?"

"बरोबर!"

"आणि ते पिऊन काम करतात?"

"दिवसरात्र!"

"मग एक पिंप आमच्या चौकीवर पाठवा की!"

आम्ही खो खो हसलो. हवालदारही हसले. बाइकवर बसता बसता म्हणाले, "साहेब, माझी बहीण याच चाळीत दिली होती. दोन्ही किडन्या गेल्या तिच्या. या पाण्यानेच का हो?"

अर्धा तास अखंड बोललेले सर खाली बघत म्हणाले, "आता नाही सांगता येणार."

"बरं," हवालदार म्हणाले, आणि गेले.

* * *

काही झाडं मुळांतून जमिनीतलं विष ओढून घेतात. मोहरी त्यातलीच. सरांनी साइटच्या एका कोपऱ्यात मोहरी पेरली. काय झकास उगवली यार! हिरवीगार, लुसलुशीत. महिनाभराने कापून पानं लॅबमध्ये पाठवायची होती.

एका सकाळी जाऊन बघते तर अर्धा वाफा साफ! कंपाउंडच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून चाळीतल्या बायका येऊन भाजी खुडून घेऊन गेल्या होत्या.

मी आणि शुभदा दार ठोठावत सुटलो. "मोहरीची भाजी नेलीत का? परत द्या! खाऊ नका!" काहींनी दिली. एकीने फोडणीला टाकलेली कढई तशीच उचलून मोरीत उपडी केली. एका घरात मात्र ताट रिकामं होतं आणि चार वर्षांची पोर बोटं चाटत होती.

तिच्या आईला सांगितलं, तशी ती माझ्यावरच ओरडली, "मग बोर्ड लावायचा ना तिथे!"

"लावलाय हो ताई," मी म्हटलं.

ती तरातरा चालत माझ्याबरोबर आली. बोर्ड होता. चांगला मोठा, लाल अक्षरांतला.

इंग्रजीत.

त्या पोरीला डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. तिला काही झालं नाही. बोर्ड कुणी लिहून घेतला होता, हे तिच्या आईने मला कधी विचारलं नाही. मीच घेतला होता.

* * *

चाळीत पहिल्या खोलीत इंदूमावशी राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. पाण्याचे नमुने घ्यायला गेलो की आम्हाला चहा त्यांच्याकडे. पाणी नळाचं हं!

एकदा शुभदा बाटल्यांवर नावं चिकटवत होती. उन्हात धरली की बाटली केशर घातल्यासारखी दिसायची. मावशी बघून हसल्या.

"आता फिकं झालं गं. पूर्वी बघायला हवं होतंस! भिंतीखालून झिरपायचं ते, डबकंच व्हायचं. रंगपंचमीला आमची पोरं कधी दुकानातून रंग आणायची नाहीत."

"म्हणजे?"

"पिचकाऱ्या तिथेच भरायची. असा पक्का पिवळा रंग, आठ-आठ दिवस जायचा नाही! बाहेरची पोरं यायची मागायला."

शुभदाची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. शुभदाने हातातली बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "मावशी, ती पोरं कुठे असतात आता?"

मावशी बोटांवर मोजायला लागल्या. एक ठाण्याला, एक दुबईला, एक रिक्षा चालवतो. नंतरच्या तिघांसाठी त्यांनी बोटं दुमडली, पण गाव सांगितलं नाही.

* * *

काही माती अशी असते, की तिला कुठलाच उपाय चालत नाही. ती खणून, ताडपत्रीत बांधून, लांब कुठेतरी खास बांधलेल्या खड्ड्यात कायमची पुरतात. चाळीच्या मीटिंगमध्ये सर हे समजावून सांगत होते. प्लास्टिकचे थर, वर सिमेंट, सगळं एकदम सेफ!

मागच्या रांगेतून एका आजोबांनी हात वर केला.

"तिथे कोण राहतं?"

सर म्हणाले, "कोणी नाही. ओसाड आहे."

"आम्ही इथे आलो तेव्हा इथेही ओसाडच होतं," आजोबा म्हणाले, आणि खाली बसले.

* * *

आता तात्यांचा.

तात्यांचं नाक वाजायचं. श्वास घेतला की बारीक शिट्टी! साइटवर तात्या कुठे आहेत, ते न बघता कळायचं. "परबांचा कुकर लागला!" म्हणून आम्ही चिडवायचो. तेही हसायचे.

दोन वर्षं झाली तरी विहिरीतलं पिवळं एका मर्यादेखाली जाईना. सर म्हणाले, कुठेतरी जुना खड्डा पुरलेला असणार, कारखान्याचा गाळ टाकलेला. तो सापडल्याशिवाय सगळं व्यर्थ. मग भाड्याने एक मशीन आणलं, बाळाच्या गाडीसारखं ढकलायचं. जमिनीखालचं चित्र काढतं म्हणे. चार दिवस सर उन्हातान्हात ते ढकलत होते. लॅपटॉपवर नकाशे आले, लाल-निळे. तीन ठिकाणी बोअर मारले. तिन्ही कोरडे!

पाचव्या दिवशी तात्या आपलं बोअरचं मशीन बंद करून आले. पडक्या भिंतीपासून त्यांनी पावलं टाकली. बारा सरळ, सात डावीकडे. पाय आपटला.

"हंय खणा."

सर वैतागले. "कशावरून, तात्या?"

"खणा तर खरे."

चार हातांवर पिवळाधमक गाळ लागला. सर नाचायचेच बाकी होते! "तात्या, जीनियस! कसं ओळखलंत?"

तात्यांनी टोपी काढली. "वळखूक कित्याक व्हया? मीच ओतलंय. ह्याच कंपनीत होतंय मी, वीस वर्साचो. टाकी साफ करूची, ड्रम भरूचो नि हंय आणून रिकामो करूचो. दोन वर्सां." मग नाकाला बोट लावलं. "ह्या भोकय थयसरच पडला. त्या वाफेन मधलो पडदो खाल्लो."

परबांचा कुकर आम्ही त्यानंतर कधी म्हटलं नाही.

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?" सरांनी विचारलं, रागाने नाही.

"तुमी ह्या चाळीत चाय पिऊक जातास, साहेब," तात्या म्हणाले. "मी कधी इलंय?"

खरंच की. दोन वर्षांत तात्या त्या चाळीच्या दारात एकदाही गेले नव्हते. डबा मशीनवरच बसून खायचे. आम्हाला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

* * *

खड्डा उपसला, भरला. सहा महिन्यांनी शुभदाचा फोन आला, "अगं, पाणी पास झालं!" प्यायला नाही, पण धुण्याभांड्याला चालेल एवढं स्वच्छ. मी सांगायला इंदूमावशींकडे निघाले, तर तात्या म्हणाले, "मीय येतंय."

दारात त्यांनी चपला काढल्या, पण आत पाय टाकेनात. मावशी म्हणाल्या, "ये की. किती दिवस बघतेय तुला त्या मशीनवर. परब ना तू?"

तात्या उभ्यानेच बोलायला लागले. मालवणीत, भराभर, मधूनमधून नाक वाजत होतं. कंपनीत होतो, तो गाळ मी ओतला, विहिरीत उतरलं ते माझ्या हातचं, तुमच्या चाळीतली माणसं गेली, पोरं गेली, मला ठाऊक नव्हतं काय आहे ते, पण ओतलं मीच. सगळं मीच.

मावशींनी मध्ये तोडलं नाही. स्टोव्हवरचा चहा उतू जायला आला, तो त्यांनी उतरवून ठेवला. तीन कप मांडले, गाळला. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता, निळ्या गणवेशातला, खिशावर त्याच कंपनीचा बिल्ला. इतकी वर्षं त्या फोटोखाली बसून मी चहा प्याले होते. बिल्ला नीट बघितला तो त्या दिवशी.

एक कप तात्यांच्या हातात देत मावशी म्हणाल्या,

"एवढा मोठा ड्रम, परब. एकट्याला उचलवतो का रे?"