एका अंगानं उघडी थैली

मामा कॉलेजात कधीच आले नव्हते. त्यामुळे इंग्रजीच्या तासाला दाराशी खाकी कोट घातलेला, हातात टोपी धरलेला माणूस उभा दिसला, तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. सरांनी माझं नाव घेतलं. मी बाहेर आलो. मामा म्हणाले, "चल." एवढंच. दवाखान्याच्या फाटकापाशी आल्यावर ते थांबले, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "तुझी आत्या गेली रे मिलिंदा. कामावरच गेली. हातात लेकराचं दुपटं होतं म्हणत्यात."

त्याला आता काही आठवडे झाले. गयाबाई हे तिचं नाव. माझ्या वडिलांची मोठी बहीण. परभणीच्या एका दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात ती आया होती. मामा, म्हणजे तिचे यजमान, जिनिंगवर चौकीदार आहेत. त्यांना मूलबाळ नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी गेलो, तो आत्याच्या जिवावर. आमच्या गावाहून, झरीहून, रोज ये-जा परवडणारी नव्हती, खोली घेऊन राहणं तर नाहीच. "पोरगं माझ्याकडं ऱ्हाईल," असं तिनं एका वाक्यात ठरवलं होतं. म्हणून ती गेली तेव्हा सगळ्यांनी हेही धरून टाकलं, की आता माझं कॉलेज संपलं. तिच्या जलदानविधीच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर बायका हळू आवाजात तेच बोलत होत्या. घरात बाईमाणूस नाही, पोराला भाकरी कोण घालणार... वडील म्हणाले, "पुढच्या बाजारच्या दिवशी येतो. सामान बांधून ठेव." मी मान हलवली. मला जायचं नव्हतं, पण ते मला कुणापुढे म्हणता आलं नाही. असं काही बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आत्या म्हणायची, "बोल की! तोंडात गुळणी धरलीस काय?"

आत्याला लोकरीचं विणकाम येत होतं. वॉर्डात पूर्वी दूर दक्षिणेकडच्या एक सिस्टर होत्या, त्यांच्या हाताकडे बघून ती शिकली. जुने स्वेटर उसवायचे, लोकर धुऊन वाळवायची, गुंडे करायचे आणि तान्ह्या बाळांची टोपरी विणायची. थंडीत बाळंत झालेली बाई फाटक्या लुगड्यात लेकरू गुंडाळून निघाली, की आत्या पिशवीतून एक टोपरं काढून त्याच्या डोक्यावर बसवायची. याबद्दल ती कधी बोलली नाही. जलदानाला पेडगावहून एक बाई आली होती, तिच्या कडेवरच्या मुलाच्या डोक्यावर हिरवं टोपरं होतं. मामांनी ते ओळखलं. ते उठून बाहेर गेले.

एकदा ती कामावरून आली ती चप्पल न काढताच दारात बसली. "मिलिंदा, आज म्या एक चीज बघितली," म्हणाली. वॉर्डातल्या एका बाईची सासू उत्तरेकडून आली होती. तिचा मफलर खुर्चीवर पडला होता, एका अंगानं तपकिरी आणि दुसऱ्या अंगानं पिवळा. आत्यानं तो उचलून घडी घातली, आणि घडी घालताना उलटसुलट करून पाहिला. "उलटी बाजू सापडंना रे. विणलेल्या कापडाला उलटी बाजू असतीच की. ह्याला न्हाईच. दोन्हीकडनं सुलट!" मी म्हटलं, त्या आजींनाच विचारायचं ना. तिने चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्यांच्या वस्तूला हात लावला म्हणूनच मी भेलेली. विचारू कुठं?" विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं कदाचित... पण ती भीती मला माहीत आहे, म्हणून मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मात्र तिच्या डोक्यातून ते जाईना. भाकरी थापताना ती मध्येच थांबायची आणि बोटं हवेत हलवायची. शेवटी मी धीर करून कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि विणकामाचं पुस्तक आहे का, असं विचारलं. ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाला पाहिजे?" "आत्याला." मागे उभी असलेली दोन मुलं हसली. पण ग्रंथपालांनी मागच्या कपाटातून एक जाड, धूळ बसलेलं इंग्रजी पुस्तक काढून दिलं. त्यात दोनरंगी विणीवर अख्खं एक प्रकरण होतं. घरी येऊन मी सांगितलं की हे इंग्रजीत आहे आणि माझं इंग्रजी तर... पहिल्या चाचणीत मी इंग्रजीतच आपटलो होतो. आत्या उलट खूश झाली. "मग तर बरंच झालं! तुला इंग्रजी येईना, मला दोन रंग येईना. दोघं बी ढ. कुणी कुणाला हसायचं न्हाई."

पंधरा-वीस ओळी समजायला मला कितीतरी संध्याकाळी लागल्या. शब्दकोश मांडीवर, पुस्तक पाटावर आणि समोर सुया घेऊन आत्या. दोन्ही धागे एकदमच सोबत चालवायचे. एक टाका तपकिरी, सुलट. त्याच्या शेजारचा पिवळा, उलट. सुलट टाक्याच्या वेळी दोन्ही धागे मागे न्यायचे, उलट टाक्याच्या वेळी दोन्ही पुढे आणायचे. अशाने एकाच सुईवर दोन कापडं पाठीला पाठ लावून तयार होतात, आणि दोघांची उलटी बाजू आत लपते. हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा आत्याने सुया खाली ठेवल्या आणि मांडीवर हात मारला. "आत हाय व्हय उलटी बाजू! म्हणून सापडंना!"

कळलं तरी हाताला येत नव्हतं. एखादा धागा मागे न्यायचा राहिला की तपकिरी अंगावर पिवळा आडवा धागा दिसायचा आणि सगळं उसवावं लागायचं. मला ते नेमकं कुठे चुकतंय हे सांगता येईना. तेव्हा तिने सुया माझ्या हातात दिल्या. "नुसतं वाचून कळत न्हाई. हातानं बघ." मी लाजलो. पण तिचं ऐकलं. माझे टाके इतके घट्ट व्हायचे की सुई आत शिरत नसे. मामा कामावर निघाले होते, दारातून वाकून म्हणाले, "शाब्बास! पोरगं साहेब व्हायला पाठवलं, इथं सुईण व्हायलाय." आत्या म्हणाली, "तुमी जावा. सरकीचा ढीग वाट बघायलाय तुमची." मामा म्हणाले, "दोन दोन रंग कशाला पाहिजे म्हणतो मी. माझी सगळी उमर एका खाकी रंगात गेली, काही तकलीफ झाली न्हाई." आणि हसत गेले. पण त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. जे वाक्य वाचून समजत नाही, ते थोडं थोडं तोडून, हातात घेऊन पाहिलं की समजतं. पुढे मी कॉलेजची पुस्तकंही तशीच वाचायला लागलो.

विणीचा तो पहिला पट्टा चांगला हातभर लांब झाला. थंडीचे दिवस होते, आम्ही दारात उन्हाला बसलो होतो. आत्याने शेवटचे टाके बंद केले, पट्टा झटकला, उलटून पाहिला. एका अंगाने तपकिरी, दुसऱ्या अंगाने पिवळा. तिचा चेहरा... तो मला लिहिता येणार नाही. आणि मग तिने एका कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा आत गेला. अंगठ्यामागून हात आत गेला. आतून तिने बोटं हलवली, तशी पिवळ्या अंगावर उंदीर फिरल्यासारखी लाट उठली. "आगं बाई! ह्याला तर तोंड फुटलं!"

तीन बाजू नीट जुळलेल्या होत्या आणि एक लांब कड संपूर्ण उघडी होती. मी धावत जाऊन पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मीही तिला तसंच सांगितलं होतं, की दर ओळीच्या सुरुवातीला दोन्ही धाग्यांना एकमेकांत पीळ द्यायचा, म्हणजे दोन कापडं कडेला जोडली जातात. "पीळ दिला नाहीस का?" मी विचारलं. "दिला की. दर खेपंला दिला." तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत्याने लहानपणी झरीच्या विहिरीवरून पाणी वाहिलं, नंतर रोजगार हमीच्या कामावर माती वाहिली. तिच्या हिशेबात जाऊन परत आल्याशिवाय खेप पुरी होत नाही. सुईवरून एकदा जाणं आणि परत येणं मिळून ती एक ओळ मोजत होती. म्हणून जाताना पीळ पडला, येताना नाही. एक कड जुळली, दुसरी उघडी राहिली. मी हे समजावून सांगितलं, तर ती माझ्याकडेच बघत राहिली. "अन् नुसतं जाऊन खेप कशी व्हईल रे? डोक्यावर घागर घेऊन तिथंच बसायचं काय?"

मामा आतल्या खाटेवरून म्हणाले, "इकडं द्या, शेंगा भरून आणतो." मी म्हटलं, आपण उसवू. आत्या म्हणाली, "न्हाई. एवढं चांगलं झालंय. ऱ्हाऊ दे." तिने आत जाऊन माझं इंग्रजीचं पुस्तक आणलं आणि त्या उघड्या कडेतून आत सरकवलं. ते आत सहज मावलं. उरलेल्या लोकरीची वेणी घालून तिने पट्ट्याला बंद लावला आणि थैली माझ्या खांद्याला अडकवली. "जा आता ऐटीत." मुलं हसतील, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. हसली मुलं. पण त्यांच्यातल्याच एकाने, दोन-चार दिवसांनी, गुपचूप थैली उलटी करून पाहिली आणि विचारलं, "ह्याची उलटी बाजू कुठंय रे?"

त्यानंतर आत्याने मामांसाठी मफलर विणायला घेतला, निळा आणि राखाडी. या वेळी तिने प्रत्येक कडेला पीळ दिला. सुईवरून गेली की मोठ्याने म्हणायची, "ही एक." परत आली की, "ही दुसरी. तुझ्या इंग्रजांच्या हिशेबानं." ती कामावर गेली की दुपारी थोडं मी विणायचो. अर्धा झाला होता. सुया त्यातच राहिल्या.

ठरल्याप्रमाणे वडील आले. माझी ट्रंक बांधलेली होती, पुस्तकं थैलीत होती. ग्रंथालयाचं पुस्तक तेवढं परत करायचं राहिलं होतं. मामा जिनिंगवरून येऊन बसले होते. झोपले नव्हते. वडिलांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "निघतो दाजी. दुपारची गाडी हाय." मामांनी कोपऱ्यातून अर्धा मफलर उचलला, सुयांसकट.

"पाव्हणं, एक सांगा. हे अर्धं गळ्यात कसं बांधू?"

वडील गोंधळले. "दाजी, त्यो विणल की. झरीत बसून बी विणल."

"विणल. झरीत बसून मफलर विणल. परीक्षा कुठं बसून देईल?"

मग वडील म्हणाले, "दाजी, तुमची रातची चाकरी. सैपाक कोण करंल?" "मी." "तुमाला येतो?" "येत न्हाई. ह्याला इंग्रजी येत होतं का?" मामांनी मफलर मांडीवर ठेवला. "तिनं ठिवून घेतलेलं पोरगं हाय. ती गेली म्हणून मी धाडून दिलं, असं नगं."

वडील माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं हाय?" मला आत्याचा आवाज ऐकू आला असं मी लिहिणार नाही, आला नाही. खोलीत फक्त स्टोव्हचा वास होता. थैलीचा बंद मी मुठीत घट्ट धरला होता, एवढं आठवतं. "मला ऱ्हायचंय," मी म्हणालो. आवाज फार मोठा निघाला. वडील दचकले, मग हसले. "आरं, ओरडतो कशाला? बोलायला येतंय की तुला!" गाडीची वेळ झाली होती. ते एकटेच गेले. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी गावच्या माणसाबरोबर ज्वारीचं पीठ पाठवलं, आईने वर तिखटाची पुडी ठेवली होती.

आम्हा दोघांच्या भाकरी अजून गोल होत नाहीत. मामा म्हणतात, पोटात गेल्यावर कोण गोल बघतं. सकाळी ते कामावरून येतात, चहा घेतात आणि मी रात्रीतून किती विणलं ते पाहतात. ज्या माणसाला दोन रंग कशाला हा प्रश्न पडायचा, तो आता मफलरच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवून विचारतो, "दोन्हीकडं पीळ दिलास न्हवं? तोंड न्हाई ना फुटणार?" मग मामा झोपतात. थंडी संपत आली आहे, मफलर उन्हाळ्यात पुरा होईल. मामांची काही तक्रार नाही. थंडी काय, परत येतीच, म्हणतात.

थैली दाराजवळच्या खुंटीला असते. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, दे, एवढी कड शिवून देते. मी नको म्हणालो, आणि पटकन म्हणालो, हे मला नंतर जाणवलं. शिवली तर पुस्तक कुठून आत जाणार? आत्याचा पीळ जिथे पडला नाही, तिथूनच ते रोज आत जातं. सकाळी मी ती खांद्याला अडकवतो आणि कॉलेजला निघतो. संध्याकाळी परत येऊन खुंटीला लावतो. म्हणजे एक खेप झाली.