आतले मास्तरांचं ‘नाई’

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काहीही विचारलं, की ते आधी डावा तळहात छातीवर ठेवत, डोळे मिटत आणि गप्प बसत. उत्तर त्यानंतर यायचं. प्रश्न मोक्षाचा असो की मिठाचा, हा रिवाज कधी चुकला नाही. मी लग्न होऊन शेंदूरजनाघाटला आले, तेव्हा पहिल्यांदा त्यांना वाढायची पाळी माझ्यावर आली. “मामाजी, भाकर वाढू?” असं म्हणून मी टोपलं धरून उभी राहिले. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. मी मोठ्यानं विचारलं. तशा चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “वो पोरी, थांब ना जराशी. आतून निरोप येऊन राहिला त्याइचा.” मामाजींनी डोळे उघडले. “हाव. अर्धी,” म्हणाले आणि हसले.

गाव त्यांना आतले मास्तर म्हणायचं. अमरावतीच्या एका मराठी शाळेत उभी हयात मास्तरकी करून ते परत आले होते आणि संत्र्याचा बगीचा सांभाळत होते. कोणी सल्ला विचारायला आलं, की त्यांचं एकच ठरलेलं: “मले काहून विचारतं? आत विचारून पाय.” बाहेरगावच्या लोकांना तर ‘आतले’ हे त्यांचं आडनावच वाटे. नागपूरच्या एका संत्राव्यापाऱ्यानं ‘श्रीयुत आतले’ एवढंच लिहून पाठवलेलं पाकीट डाकवाल्यानं काही न विचारता आमच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं.

ह्या आतल्याचं वेड त्यांना तरुणपणी लागलं. उत्तरेकडचा एक संन्यासी नर्मदेकडे जाताना तापानं आजारी पडून गावच्या महादेवाच्या देवळात राहिला. मामाजी त्याला रोज पेज नेऊन देत. बरं होता होता त्यानं ह्या माळ्याच्या पोराला संस्कृत शिकवलं आणि काश्मिरातल्या शैव आचार्यांचं अद्वैत कानावर घातलं. पुढे मामाजींनी पत्र लिहून काश्मिरातून छापील पोथ्या मागवल्या. पार्सल यायचं तो दिवस घरात सणासारखा. सासूबाई पार्सलवरची सुतळी जपून ठेवत, मामाजी पानांचा वास घेत.

सकाळी बगीच्यात झाडाखाली खाट टाकून ते वाचायला बसत. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बाया वाटेत टेकत. मामाजी एक ओळ संस्कृतात म्हणत आणि मग वऱ्हाडीत तिची सालं काढत. “शिव कैलासावर बसून हाये असं समजू नोका. तुमी ‘मी’ म्हणता ना, ते म्हणणारा कोण? थोच. पोथीत शिव तुमाले सांगून नाई राहिला. तुमीच सोताले सांगून राहिले.” मग समजावत, की माणसाला गुरूकडून कळतं, पोथीतून कळतं आणि आपलं आपल्याला कळतं, पण हे तिसरं कळलं नाही, तर आधीची दोन्ही फुकट. बाया माना डोलावत. त्यांना किती उमगे कोण जाणे, पण उठताना त्या हलक्या होऊन उठत, एवढं मी पाहिलं आहे.

यमुना नावाची एक तरणी विधवा त्यांच्यात असायची. फुलं विकायची. तिच्या भावांनी तिच्यासाठी पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, स्थळ आणलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, पण तिची सासू अडून बसली, की पोथीत असेल तर करा. सगळा घोळका मामाजींपुढे आला. “मास्तर, काय म्हणते पोथी?” मामाजींनी पोथी मिटून बाजूला ठेवली. “तिचा जल्म, तिची पोथी. यमुने, जाय, त्या झाडाखाली बस. कोनाचं ऐकू नोको. आतून काय येते ते पाय, अन् येईन तेच खरं मान.” यमुना दुपार होईपर्यंत तिथं बसली. भाऊ कंटाळून बिड्या ओढत राहिले. शेवटी ती उठून आली आणि म्हणाली, “हाव.” मामाजींनी तिच्या सासूला हात जोडले. म्हातारी रडली, पण तिनं पुन्हा अडवलं नाही.

असा माणूस एका सकाळी, हिवाळा सरताना संत्र्याला आंबिया बहाराची फुलं लागलेली असताना, खाटेवरून कलंडला. मी चहा घेऊन गेले होते. पोथी खाली पडली होती आणि ते ती उचलू पाहत होते, पण उजवा हात खाटेवरच पडून होता, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी हाका मारल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि नुसता वारा बाहेर आला.

बैलांच्या खाचरात गवत टाकून आम्ही त्यांना वरूडला नेलं आणि तिथून मोटारीनं अमरावतीच्या दवाखान्यात. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, “मेंदूत जिथून बोलणं निघतं, तिथं घाव बसलाय. आता वाट पाहायची. माझ्या हातात याहून जास्त काही नाही.” सासूबाईंनी विचारलं, “समजते का त्याइले?” डॉक्टर “बहुधा समजत असावं,” म्हणाला. त्या ‘बहुधा’वर आम्ही पुढचे सगळे महिने काढले.

वाचा फुटली ती घरी आल्यावर. सासूबाई तोंड पुसत होत्या आणि मामाजी स्पष्ट म्हणाले, “नाई.” सासूबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. संध्याकाळी मी विचारलं, “मामाजी, पानी देऊ?” ते म्हणाले, “नाई.” मी पेला परत नेऊ लागले, तर डाव्या हातानं त्यांनी माझा पदर धरला. पेला ओठाला लावला, तर घटाघटा प्यायले. ऊन लागतं का? नाई. सावलीत नेऊ? नाई. दुखतं का? नाई. चार-दोन दिवसांत आमच्या ध्यानात आलं, की एवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला आहे आणि सगळ्याला तोच आहे. मानेवरही भरवसा नव्हता. ती हवी तशी हलत नसे. आमच्या ह्यांनी पाटी आणून त्यांच्या डाव्या हातात लेखण दिली. अमरावतीच्या कितीतरी पोरांचा हात धरून ज्यांनी अक्षरं गिरवून घेतली, त्यांच्या हातून पाटीवर वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या. मामाजी बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाटी उपडी ठेवली.

लोक भेटायला येत. एक म्हातारा, रोजचा ऐकणारा, भक्तिभावानं म्हणाला, “मास्तर, शिव हाये ना आत?” मामाजी म्हणाले, “नाई.” म्हातारा दचकून मागं सरकला. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुन्हा म्हणाले, “नाई, नाई.” ही गोष्ट गावभर झाली. आयुष्यभर वाचून शेवटी नाईच निघालं, असं लोक पारावर बोलू लागले. अकोल्याकडचे एक कीर्तनकार देवळात उतरले होते. त्यांनी भर कीर्तनात सांगितलं, की ज्याचा अधिकार नाही त्यानं अवघड शास्त्राला हात घातला, की वाणीच जाते. बाजाराच्या वाटेवरच्या बाया दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागल्या. आमचे हे संतापले, बगीच्याचं फाटक लावून घेतलं आणि “कोनी येऊ नोका,” म्हणून सांगून टाकलं. त्याची काही गरज नव्हती. कोणी येतच नव्हतं.

यमुना तेवढी आली. कडेवर लेकरू होतं. ते तिनं मामाजींच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “मास्तर, मले वळखलं ना?” “नाई,” मामाजी म्हणाले आणि लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. यमुना तोंडात पदर कोंबून उठली. तिला काय समजावणार? आम्हालाच कुठं ठाऊक होतं?

अकोल्याला एक नावाजलेले वैद्य होते. त्यांच्याकडे महिनाभर राहून तेलं, शेक, काढे सगळं केलं. परत आलो त्या दिवशी सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनी मामाजींपुढे बसकण मारली. “तुमी जगाले सांगत होते ना, आत पाय म्हनून? आज माह्यासाठी पाहा. काय दिसते सांगा. खरं सांगा, मी कोनाले सांगत नाई.” मामाजींनी डावा तळहात छातीवर ठेवला. डोळे मिटले. अगदी पहिल्यासारखे गप्प बसले. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की मला वाटलं, आता वाचा येते. मग त्यांनी डोळे उघडले, सासूबाईंकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, “नाई.” सासूबाई तिथंच जमिनीवर आडव्या झाल्या. चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा की शब्दावर, हे तेव्हाही मला कळलं नाही.

दुसरं काही सुचेना म्हणून मी पोथी काढली. मी अमरावतीला चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं वाचता यायची, संस्कृत येत नव्हतं. खाटेपाशी बसून ठेचकाळत पहिली ओळ वाचली. “नाई!” मामाजी कडाडले. मला वाटलं, नकोय. मी पोथी मिटू लागले, तर त्यांनी डाव्या हातानं पान दाबून धरलं. मी तीच ओळ पुन्हा वाचली, शब्द वेगळा तोडून. “नाई.” आणखी वेगळा तोडला. ते गप्प राहिले आणि बोट पुढच्या ओळीवर गेलं. मास्तर शिकवत होते! मी सासूबाईंना हाका मारत स्वयंपाकघरात धावले. त्या पिठाच्या हातानं आल्या, पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हायेत. आत हायेत.”

तेव्हापासून रोज सकाळी आमची शाळा भरू लागली. चुकलं की नाई, बरोबर आलं की शांत. उच्चार सुधारले, पण अर्थ? तो त्यांच्याजवळ होता आणि माझ्यापर्यंत यायला वाट नव्हती. एखाद्या ओळीशी ते थांबत, तोंड उघडत, गळ्याच्या शिरा ताठ होत आणि तोच शब्द बाहेर पडे.

एक दिवस अशीच एक ओळ आली. शिवच आपलं रूप झाकतो आणि उघडतोही तोच, एवढं मला आता शब्दांवरून लागत होतं. मी वाचलं, ते गप्प राहिले, म्हणजे वाचन बरोबर होतं. मग एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं. “नाई.” उच्चार चुकला का, मी विचारलं. “नाई.” शिव झाकत नाही, असं म्हणता का? “नाई.” उघडत नाही? “नाई.” तुम्हाला काही सांगायचंय? “नाई, नाई, नाई.” पकड घट्ट होत गेली. मला सुचले तेवढे सगळे अर्थ मी एकामागून एक त्यांच्यापुढे ठेवले. शेवटी रडत म्हटलं, “मामाजी, मले समजून नाई राहिलं.” त्यांनी मनगट सोडलं, माझ्या गालावरचं पाणी पुसलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला आणि मामाजी गेले. जाताना तो एक शब्दही त्यांच्याजवळ नव्हता.

फाटक पुढे आम्हीच उघडलं. पोथी मी वाचत राहिले. अमरावतीला गेले, की कोणा जाणत्याला त्या ओळीचा अर्थ विचारते. पंडित असतात, पेन्शनीतले मास्तर असतात. ते न अडखळता अर्थ सांगतात आणि तो पटण्यासारखाही असतो. मी मान डोलावते. पण त्यांचं सांगून झालं, तरी मी जागची उठत नाही. कोणीतरी माझं मनगट धरून “नाई” म्हणेल, म्हणून बसून राहते.