समुद्राकडच्या खिडकीचे पडदे

पडदेमास्तरांचं माणूस ओळखायचं शास्त्र एका वाक्याचं होतं: आधी अस्तर बघा. पडद्याचं कापड चारचौघांना दिसतं, त्यावर कुणीही खर्च करतो. मागच्या अस्तरावर पैसा घालणारा माणूस खरा. चाळीस वर्षं पडदे शिवून मास्तरांनी एवढंच शहाणपण कमावलं होतं. बायको म्हणायची, "माझ्या वडलांनी तुमचं अस्तर बघायला हवं होतं!"

म्हणून सुट्टीघरांच्या एका बड्या क्लबाने समुद्राकाठच्या बंगल्यांसाठी चौतीस पडदे सांगितले आणि सगळ्यांना दुहेरी अस्तर लावायला लावलं, तेव्हा मास्तर विरघळलेच. मापं द्यायला आलेल्या क्लबाच्या माणसाने हळूच सभासदत्वाचा विषय काढला. एकदाच प्रवेशशुल्क भरायचं, मग पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा बंगला तुमचा.

मुलगी म्हणाली, "बाबा, सही करायच्या आधी कागद कुणाला तरी दाखवा."

"अगं, अस्तराला ज्यांनी हात आखडला नाही, ते आपल्याला काय फसवणार?" मास्तर म्हणाले, आणि दुकानामागची खोली विकून पैसे भरून मोकळे झाले.

मास्तरांना स्वतःला समुद्राचं काही नव्हतं. हौस बायकोची. सगळ्या पडद्यांची तुरपाई तिच्या हातची. जन्म लोकांच्या खिडक्या सजवण्यात गेला, आणि स्वतःच्या खिडकीतून काय दिसायचं, तर समोरच्या इमारतीचे गंजके पाइप. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. ती म्हणाली, "एकदा समुद्र बघून घेऊ. मग अंधार तर अंधार."

पहिल्या वर्षी फोन केला, तर सगळे आठवडे भरलेले. दुसऱ्या वर्षी सहा महिने आधी केला, तर वरच्या श्रेणीच्या सभासदांचा मान आधी. तिसऱ्या वर्षी देखभालीचा वार्षिक आकार दीडपट झाला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! मास्तर चिडून म्हणाले, "मग आमचं सभासदत्व परत घ्या."

"काका, तशी सोय नाही," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही गिऱ्हाईक आणलंत, तर त्यांच्या नावावर करून देऊ."

गिऱ्हाईक कुठून आणणार? अस्तर बघून भाळणारे असे किती असतात जगात!

चौथ्या वर्षी मात्र आठवडा मिळाला. बायकोला तेव्हा नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, पण तिने बॅग भरली. निघायला नऊ दिवस उरले असताना पत्र आलं: क्लब बंद. बंगले क्लबाचे नव्हतेच मुळी, भाड्याचे होते. मालकाने ते ताब्यात घेतले होते. मास्तर क्लबाच्या कचेरीत गेले, तर दाराला कुलूप, आणि काचेतून दिसणाऱ्या खिडकीवर त्यांनीच शिवलेला पडदा. परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. बायकोने एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याचाच त्रास जास्त झाला.

वर्षभरात तिची नजर पुरती गेली. तरी ती रोज दुकानात येऊन बसायची, चाचपून पडद्यांचे हूक वेगळे करायची. एका दुपारी कुणाचा तरी ड्रायव्हर गठ्ठा टाकून गेला. लिलावात घेतलेत, नव्या घराला लांब पडतात, वीतभर आखूड करा म्हणाला. मास्तरांनी गठ्ठा सोडून पडदे टेबलावर पसरले.

तिचा हात कापडावर पडला. बोटं कडेवरून सरकत गेली आणि थांबली.

"ही तुरपाई माझी आहे, आणि अस्तर दुहेरी. समुद्राकडच्या खिडकीचे ना हे?"

"हो."

"अस्तर कसं आहे हो?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "विटलंय. उन्हानं पार जाळी झालीय."

"म्हणजे ऊन छान येत असणार तिथे," ती म्हणाली. तिने अस्तर गालाला लावलं, जरा वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाली, "आखूड करायचं तर तुरपाई उसवावी लागेल. द्या इकडे, माझी मीच उसवते."

मास्तरांनी छोटी कात्री तिच्या हातात दिली. ती टाका शोधायची, कापायची, दोरा ओढून काढायची. मास्तर समोर बसून रडत होते. तोंड लपवायची आता गरज नव्हती.