दाजींची दुसरी चक्कर

आमच्या घरात बहिणीच्या नवऱ्याला कुणी उलट बोलत नाही. दाजी म्हणतील ते खरं. ही रीत मी पन्नाशी उलटेपर्यंत निमूट पाळली आणि तिच्यापायी गेल्या हिवाळ्यात ताईचं नुकसान केलं. आता लिहूनच टाकतो.

साखरेनं ताईचा एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसरा धूसर होत चाललाय. तिला रोहित पक्षी बघायचे होते. बोटीतून, खाडीत, थवेच्या थवे. "दिसतंय तोवर दाखव रे," एवढंच म्हणाली होती. म्हणून आम्ही तिघं आदल्या रात्रीच संभाजीनगरहून गाडी काढून निघालो. सकाळी माथेरानची छोटी रेल्वे, दुपारी ठाण्याची खाडी. रेल्वे ही दाजींची हौस.

बोटवाल्यानं मला फोनवर बजावलं होतं, "ओहोटी लागली की खाली नुसता चिखल उरतो. बोट निघत नाही. दोनच्या आत या."

रेल्वेचं एक वळण दाजींच्या मोबाइलमध्ये नीट आलं नाही. कुणाची तरी ओढणी मध्ये उडाली. "परत एक चक्कर मारू," ते म्हणाले.

"दाजी, ते भरतीचं पाणी..."

"पाणी काय पळून चाललंय का? आपल्या जायकवाडीचं कधी पळालं?"

अख्खा डबा हसला. मीही हसलो. हसलो! धरणाचं पाणी बघत वाढलेली माणसं आम्ही, दाजींना एक वेळ माफ. पण मला तर सांगितलेलं होतं. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी बाहेरची माकडं बघत बसलो.

पोचलो तेव्हा बोटी चिखलात कलंडलेल्या. लांब, फार लांब, एक फिकी गुलाबी रेघ. ती मला दिसत होती. ताई डोळ्यांवर हात आडवा धरून भलतीकडंच बघत होती.

"जाऊ द्या," दाजी म्हणाले. "हे पक्षी जायकवाडीलाबी येतात. त्यात काय लई मोठं!"

"मग नेलं का तिला कधी?" माझा आवाज चढला. "घरापासून तासाभरावर धरण आहे, दाजी. लग्नाला तीस वर्षं झाली. एकदा तरी?"

"अरे वा, मेहुण्याला वाचा फुटली."

"व्हय, फुटली. तिकडं डब्यातच फुटायला पाहिजे होती."

"भांडू नका," ताई म्हणाली. "कुठं आहेत तेवढं दाखव." मी तिचा हात धरून त्या रेघेकडं नेला. तिनं बराच वेळ डोळे बारीक केले. "नाय दिसत," म्हणाली आणि गाडीकडं वळली.

ती पुढच्या सीटवर बसली. तिथं येताना दाजी बसले होते. ते दार धरून उभे राहिले.

"मागं बसा," ताई म्हणाली. "आणि रविवारी मी ह्याच्यासंगं जायकवाडीला चाललेय. तुमचं जेवण तुम्ही बघा."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी सावरून घेईन, असं त्यांना वाटलं असावं. मी गाडी चालू केली.