एका भाकरीत उठणारं गिऱ्हाईक

कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्याला भाकरी पुरवायचं काम बचत गटाला मिळालं, तेव्हा भाकरी कोणी थापायच्या यावर चर्चाच झाली नाही. गटातल्या दहा जणींत कमलबाईच्या हाताची सर कोणालाच नव्हती. भाकर परातभर मोठी, कडेपर्यंत सारखी, आणि पापुद्रा असा सुटायचा की बघत राहावं. गटाच्या कर्जातून मोठी शेगडी अन् तीन तवे आले, सचिव शालूबाईच्या ओसरीवर मांडले आणि रोज साठ भाकरी नाक्यावर जाऊ लागल्या. कमलबाईचे गुडघे आता कुरकुरत होते. हे काम टिकलं तर शिमग्यानंतर लोकांच्या रानात हळद काढायला जावं लागणार नव्हतं. बाई मनातून हरखून गेली होती.

बाराव्या दिवशी ढाब्याचे मालक किसनराव रिकामी टोपली परत देताना म्हणाले, "कमलबाई, ही भाकर हाये का ट्रकचं चाक? गिऱ्हाईक एक खातं, ढेकर देतं अन् उठून जातं. दुसरी भाकर न्हाई, तर दुसरी भाजी न्हाई. माझा धंदा बसून राहिला. उद्यापासून लहान करा, न्हाई तर बंद करा."

आता यात बाईचा काय गुन्हा? तिनं जन्मभर राबणाऱ्या माणसांसाठी भाकरी थापल्या. कोणी अर्धपोटी उठलं की तिला स्वतःचा घास गोड लागत नसे. माणूस पोटभर जेवला म्हणून तक्रार करणारा इसम तिनं पहिल्यांदाच पाहिला.

पण करते काय! दुसऱ्या दिवशी तिनं पीठ निम्मं घेतलं. जित्याची खोड कुठे जाते? हात थांबायलाच तयार नाहीत. भाकर पसरत पसरत जुन्या मापाला गेली आणि तव्यावर टाकताना मधोमध फाटली.

"अवं, भाकर करून राहिल्या का पापड?" शालूबाईला हसू आवरेना.

शेवटी परात सोडून पोळपाटावर थापायला घेतलं, तेव्हा कुठं हात आवरले. साठ लहान भाकरी झाल्या. स्वतःच्या दुपारसाठी मात्र तिनं परातीतलीच एक थापून फडक्यात बांधली.

ती ढाब्यावर पोचली तेव्हा बाजेवर रामसिंग नावाचा ट्रकवाला जेवत होता. एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या, तरी तो टोपलीकडेच बघायचा. किसनराव खुशीत. कमलबाईला मात्र राहवेना. तिनं फडकं सोडलं आणि आपली भाकर त्याच्या ताटात टाकली.

रामसिंगनं ती संपवली, मग पाणी पिऊन तो म्हणाला, "माताजी, ये बड़ी वाली कल दस बाँध देना. इंदौर तक का काम हो जाएगा."

किसनरावांनी कान टवकारले. लहान भाकर ताटात, मोठी वाटेच्या शिदोरीला! "कमलबाई, मोठ्या बी आणत जा. पंधरा रुपये देतो. ठरलं, बराबर?"

कमलबाईनं आजवर आपल्या कामाचा भाव कधी सांगितला नव्हता. रानात मालक मजुरी सांगायचे आणि ती मान डोलवायची. भाकरीमागे दहा रुपये हेसुद्धा किसनरावांनीच ठरवलेलं. आताही मान हलायच्या बेतात होती. पण चार भाकरी खाऊन उपाशी राहिलेला माणूस तिच्या एका मोठ्या भाकरीनं धाला, हे तिनं नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पंचवीस," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"पंचवीस? अवं बाई!"

"व्हय. परवडत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. ट्रक हितं रोज थांबतात. आमी लिंबाखाली बसून इकू."

किसनरावांनी रामसिंगकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या लिंबाकडे. "आणा, आणा," ते म्हणाले.

गुडघे विसरून कमलबाई ओसरीवर चढली ती धापा टाकतच. शालूबाईनं सगळं ऐकलं आणि डोळे मोठे केले. "पंचवीस? अन् किसनराव व्हय म्हनले?"

"त्यांचं सोड गं," कमलबाई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "भाव मी सांगितला. मी!"